रेस दिली की शिट्टी चढते? अल्टरनेटर राहू द्या, आधी अर्थिंग बघा

पुण्यात नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढ लागला की गाडीच्या स्पीकरमधून रेसबरोबर शिट्टी चढत जाते, इंजिन बंद ठेवून गाणी लावली तर आवाज स्वच्छ, आणि दुकानदार आधी आवाज गाळणारा फिल्टर विकून आता अल्टरनेटर बदला म्हणतोय. एवढं तुम्ही सांगितलंत ते पुरेसं आहे. अल्टरनेटरला एवढ्यात हात लावू नका.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारा भाग. त्यात एसी करंट तयार होतो आणि डायोड त्याचा डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच. धडधाकट गाडीतही उरते. रेस वाढली की तिची फ्रिक्वेन्सी वाढते, म्हणून शिट्टी वर चढते. प्रश्न असा की ती गाण्यात शिरते कुठून? स्टीरिओ पुढे डॅशबोर्डवर, अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) मागे डिकीत. दोघांची अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) वेगवेगळ्या जागी आणि त्या दोन जागांमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक असला की तो फरक आरसीए केबलच्या (स्टीरिओतून अँपकडे गाणं नेणाऱ्या वायरच्या) बाहेरच्या जाळीतून वाट काढतो. अँप बिचारं तेही गाणं समजून मोठं करतं.

माझ्या जुन्या हॅचबॅकमध्ये नेमकं हेच झालं होतं. दोन आठवडे मी स्टीरिओवर संशय घेत बसलो, दोन फिल्टर घेतले (अजून ड्रॉवरमध्ये पडलेत). शेवटी डिकीतला अर्थचा स्क्रू काढला तर खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा! थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) रंगावरच आवळलेलं. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासलं, बोल्ट कसून आवळला, वरून गंज लागू नये म्हणून थोडं ग्रीस लावलं. शिट्टी गायब. एक मात्र पाळा: अर्थसाठी सीटबेल्टचा बोल्ट कधीही वापरू नका.

अर्थ तपासताना लोक मल्टीमीटर ओहमवर ठेवतात. मला ते पटत नाही, इतका कमी रेझिस्टन्स साधं मीटर धड दाखवत नाही. त्यापेक्षा इंजिन चालू करा, गाणी मोठ्याने लावा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँपच्या अर्थच्या टर्मिनलला लावा. लांब वायर लागेल. 0.1 व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. माझ्याकडे 0.6 येत होता. मीटर नसेल तर तापकीर गल्लीत साधं मिळेल, थिंबलही तिथेच घ्या.

अर्थ चोख निघाली तर मग शिट्टी कोणत्या डब्यातून येते ते शोधायचं. सगळं बंद करून अँपच्या आरसीए पिना काढा. एखाद्या जुन्या पिनेची मधली दांडी आणि बाहेरची कडी तारेने जोडून ती अँपच्या इनपुटला लावा (स्टीरिओच्या आउटपुटला नाही हं!) आणि गाडी सुरू करा. तरी शिट्टी आली तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. गेली, तर पुढून येतेय. मग नवी आरसीए केबल गालिच्याखाली न घालता सरळ सीटवरून अंथरून बघा. एवढ्याने बंद झाली तर केबल किंवा तिचा मार्ग वाईट. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी हे खरं, पण माझ्या मते त्याचा बाऊ जरा जास्तच केला जातो.

तरीही राहिली, तर स्टीरिओच्या बॉडीपासून आरसीएच्या बाहेरच्या कडीला एक वायर धरून बघा. शिट्टी एकदम उतरली तर स्टीरिओच्या आतली आरसीएची अर्थ गेलेली आहे. काही स्टीरिओंमध्ये तिथे बारीकसा फ्यूज असतो आणि चालू स्टीरिओवर पिना काढ-घाल केल्या की तो उडतो. चांगला रिपेअरवाला ते करून देतो.

अँपवरचा गेनचा नॉबही बघून घ्या. तुमच्या दुकानदाराने तो पूर्ण फिरवून ठेवला असेल तर नवल नाही, ‘आवाज दणदणीत’ म्हणून गिऱ्हाईक खूश. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. वाढवला की गाण्याबरोबर कचराही वाढतो.

फोन चार्जिंगला लावून ऑक्सच्या वायरने ऐकता का? मग एकदा चार्जर काढून ऐका. ब्लूटूथवर शिट्टी नसेल तर गुन्हेगार तोच. आणि फक्त एफएमवर, समजा 101 वर विविध भारती लावल्यावरच खरखर येत असेल, तर डॅशकॅमचा अडॅप्टर उपटून बघा. ते प्रकरणच वेगळं.

अल्टरनेटरचा संशय मी तेव्हाच घेईन, जेव्हा रेस दिल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.4 च्या आसपास व्होल्ट मिळत नसतील किंवा हेडलाइट लुकलुकत असतील. तसं असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून डायोड तपासून घ्या, ऑडिओच्या दुकानात नको.

रविवारी सकाळी डिकी रिकामी करून आधी तो स्क्रू काढा, आणि खाली रंग निघाला की पत्रा, ते कळवा.