सूर्य आणि चंद्र एकाच वेळी आकाशात कधी दिसतात?

सकाळी आठ वाजता मुलीला शाळेच्या बसला सोडताना पश्चिमेला चंद्र दिसला, हा काही दुर्मीळ योग आहे का, असं तुम्ही विचारलंय. दुर्मीळ अजिबात नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सोडले, तर आभाळ स्वच्छ असताना तो दिवसाही कधी ना कधी दिसतोच. पांढुरका असतो, ढगाचा तुकडा समजून नजर पुढे जाते.

कधी बघायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरात असतंच. तिथी म्हणजे तरी काय? चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. म्हणून अष्टमीच्या मध्यावर दोघांत बरोबर ९० अंश, काटकोन. शुद्ध अष्टमीचा चंद्र साधारण भरदुपारी उगवतो, चार वाजता पूर्वेला चांगला वर आलेला असतो. वद्य पक्षात उलट: संकष्टीला ज्या चंद्राची वाट बघून आपण उपास सोडतो, तोच दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेला रेंगाळत असतो. तुम्हाला दिसला तो वद्य पक्षातलाच.

अमावास्येला चंद्र सूर्याच्या इतका जवळ असतो की दिसत नाही. पौर्णिमेला दोघे समोरासमोर, एक मावळतो तेव्हा दुसरा उगवतो. चैत्री पौर्णिमेला कन्याकुमारीला लोक मुद्दाम हेच बघायला जमतात.

मुलीला मात्र नुसतं सांगू नका, दाखवा. शुद्ध अष्टमीला दुपारी चारला गच्चीवर एक लिंबू घेऊन जा. उन्हात उभं राहून हात लांब करा आणि लिंबू चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असं धरा. लिंबाची पश्चिमेकडची अर्धी बाजू उजळलेली, उरलेली सावलीत. शेजारी चंद्रही हुबेहूब तसाच अर्धा. माझ्या भाचीला हे दाखवलं, तेव्हा ती बराच वेळ एकदा लिंबाकडे, एकदा वर बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, म्हणजे चंद्रावर आत्ता ऊन पडलंय?" चंद्राच्या कला शिकवताना मी तिला इतकं नेमकं काही सांगू शकलो नव्हतो.

दुपारी जमत नसेल तर वद्य अष्टमीला सकाळी आठला करा. तेव्हा चंद्र पश्चिमेकडे असेल आणि दोघांचीही पूर्वेकडची बाजू उजळलेली दिसेल. सूर्याकडे पाठच राहते, त्यामुळे डोळ्यांनाही त्रास नाही.