पाप्याला पापी म्हणणे म्हणजे न्याय करणे का?

मंडळीतील (चर्चमधील) एक भाऊ दारू पितो. त्याला चूक दाखवली तर बायबलातील मत्तय ७:१ ची ‘न्याय करू नका’ ही येशूची आज्ञा मोडते का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते मोडत नाही. येशू त्याच ठिकाणी पुढे सांगतो, की आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढावे, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यासाठी स्पष्ट दिसेल. अर्थात कुसळ काढायचेच आहे. आमच्या खानदेशात बाजरीच्या खळ्यावर काम केलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण स्वतःचे डोळे चोळणारा माणूस दुसऱ्याच्या डोळ्याला हात लावत नाही. योहान ७:२४ मध्ये तर वरवरचा न्याय न करता यथार्थ न्याय करा, अशीच आज्ञा आहे.

प्रेषित पौलाचा रोष वेगळ्या माणसावर आहे. रोमकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायात तो म्हणतो, की जो दुसऱ्याला दोषी ठरवून स्वतः तीच कर्मे करतो, तो स्वतःलाच दोषी ठरवतो. देवाचा न्याय सत्यानुसार असतो, तेथे पक्षपात नाही, आणि त्याची ममता पश्चात्तापाकडे नेण्यासाठी आहे. आपण मात्र त्या ममतेला सवलत समजतो (मीही समजलो आहे). त्या भावाशी एकांतात, सौम्यतेने बोला. चारचौघांत, विशेषतः उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी, नको.