ताटाशिवाय निकाल देऊ नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा गुणतक्ता पाहिला. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलंस, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ओळीने ग्लास मांडलेस आणि प्रत्येक वाइनला शंभरपैकी गुण दिलेस. तिमोरासो पहिला, ग्रिन्योलीनो नापास, आस्प्रीनिओपुढे नुसतं ‘लिंबूपाणी’. आणि खाली प्रश्न : इटलीतली ही देशी द्राक्षं नामशेष व्हायला आली होती, ते योग्यच होतं का? पोलेंझोला अन्नशास्त्र शिकणाऱ्या मुलीने हे विचारावं याचा आधी रागच आला. मग वाटलं, तुझा तरी काय दोष, चाखणी अशीच शिकवतात. पण मला सांग, त्या संध्याकाळी टेबलावर खायला काय होतं? पाणी आणि कोरडी बिस्किटं. म्हणजे काहीच नाही.

ताटाशिवाय वाइनचा निकाल देऊ नकोस. इटलीतल्या देशी द्राक्षांच्या बाबतीत तर अजिबातच नको. ही वाइन कुणी हातात ग्लास फिरवत विचार करायला केलेली नाही. घरात जे शिजत होतं, त्याच्यासोबत ती वाढत गेली.

आस्प्रीनिओच घे. नेपल्सच्या उत्तरेला आव्हेर्साच्या सपाट मुलखात त्याचे वेल आजही काही ठिकाणी पॉपलरच्या झाडांवर चढवलेले दिसतात, पंधरा मीटरपर्यंत. तोडणीला अरुंद, उंच शिडी लावून वर चढावं लागतं, आणि वरून भरलेली टोपली दोरीने खाली सोडतात. इतक्या उंचावरच्या द्राक्षाला आंबटपणा भरपूर, साखर बेताची. नुसती प्यायलीस तर दात आंबणारच. पण त्याच मुलखात म्हशीच्या दुधाचं मोझरेला होतं. ताजा गोळा कापला की ताटलीत दूध पाझरतं, तोंडात स्निग्धपणा पसरतो. त्यावर आस्प्रीनिओचा एक घोट घे. जीभ लख्ख होते आणि हात आपोआप पुढच्या फोडीकडे जातो. लिंबूपाणी म्हणे!

ग्रिन्योलीनोचंही तेच. रंग फिका म्हणून तू त्याला कमकुवत समजलीस आणि मग तुरटपणाने दचकलीस. त्या द्राक्षात बिया जास्त, त्यातून टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारं द्रव्य, येतं. वायव्य इटलीतल्या मोन्फेरातोच्या घरांत वितेल्लो तोन्नातो करतात : वासराच्या थंड मांसाचे पातळ काप, वर ट्यूना, अंडं आणि केपर्स या खारवलेल्या कळ्यांचा दाट सॉस. या मऊशार, जड घासाला तो तुरटपणाच हवा असतो. ओकच्या पिंपात मुरवलेली भारी रेड तिथे आणलीस तर सॉसही गेला आणि वाइनही गेली. बान्या काउदाबरोबरही तसंच. लसूण आणि खारवलेल्या अँकोव्ही या चिमुकल्या माशांच्या त्या कढत तेलापुढे बारोलोसारखी महागडी रेड केविलवाणी होते, फ्रेइझासारखी साधी रेड मजेत टिकते.

तिमोरासोबद्दल वाद नाही. भरपूर पिकणारं कोर्तेझे हे दुसरं द्राक्ष लावण्यासाठी शेतकऱ्यांनी त्याचे वेल काढून टाकले होते. वाल्तेर मास्सा या वाइन करणाऱ्याने तोर्तोनाच्या टेकड्यांवर ते पुन्हा हाती घेतलं आणि 1987च्या हंगामापासून त्याची स्वतंत्र वाइन केली. ती वर्षानुवर्षं मुरते, एकटी उभी राहू शकते. म्हणूनच तुझ्या तक्त्यात ती पहिली आली. पण एकटं उभं राहता येणं हा एक गुण झाला, तो सगळ्यांना लावायचा मापदंड नव्हे. आणि खरं सांगू, तीसुद्धा तिथल्याच मोंतेबोरे चीजबरोबर घेतलीस तर तुझे आधीचे गुण तुलाच कमी वाटतील.

मी तुरिनमधल्या एका हॉटेलात वाइनची यादी सांभाळायचो. गिऱ्हाईक सगळीकडे मिळणारी शार्दोने मागायचं, मी त्याला न विचारता पहिल्या पदार्थाबरोबर अर्धा ग्लास ग्रिन्योलीनो ठेवायचो, फुकट. बहुतेक जण दुसरा ग्लास विकत घ्यायचे. मालकाला ते पटलं नाही. लोक मागतील ते दे, म्हणाला. मी नोकरी सोडली. घरचे अजून म्हणतात, जरा नमतं घेतलं असतंस तर आज स्वतःचं हॉटेल असतं. असेल. पण ज्या टेबलावर वाइन आणि ताट यांची गाठच पडू द्यायची नाही, तिथे उभा राहून मी काय करणार होतो? हट्टी म्हण हवं तर.

सलतं ते वेगळंच. मळ्यांवर गेलो की म्हाताऱ्यांना माती, छाटणी, हंगाम विचारत बसायचो. चुलीपाशी त्यांच्या बायका काय रांधतायत, ते कधी लिहून घेतलं नाही. त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत.

आपल्या तिखटाबरोबर काय चालेल, हा तुझा प्रश्न आज बाजूला ठेवतो. कडक टॅनिन तिखटाला आणखी पेटवतं, तूर्त एवढं पुरे.

आता ऐक. पुढच्या वेळी एकच बाटली घे, लांब्रुस्को दी सोरबारा, मोदेनाची फसफसणारी फिकी लाल वाइन. त्या द्राक्षाच्या फुलांतला पराग निकामी असतो, म्हणून मळ्यात शेजारी सालामिनो या दुसऱ्या लांब्रुस्कोचे वेल लावावे लागतात, तरी घड विरळच धरतात. एवढी खटपट मोदेनाचे लोक कशासाठी करतात, ते तळलेल्या न्योको फ्रित्तोवर मोर्तादेल्ला या डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा काप ठेवून खा, म्हणजे कळेल. पुऱ्यांसारखे फुगलेले ते तुकडे गरमच हवेत आणि वाइन चांगली गार. मग सुट्टीत रेल्वेने तोर्तोनाला जा, आणि मळ्यावर पोचलीस की द्राक्षांच्या आधी स्वयंपाकाचं विचार. गाडीभाडं माझ्याकडून. बाटल्यांचे पैसे मात्र तुझे तू दे.