न्युर्नबर्गला येताय, तर चांगलं सिम कुणाला द्यायचं ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंय की जानेवारीत न्युर्नबर्गला रुजू व्हायचंय, बायको आणि तिसरीतली मुलगी दोन महिन्यांनी येणार, शहरातलं भाडं झेपत नाही म्हणून घर बहुतेक बाहेरच्या एखाद्या गावात मिळेल. तर सुपरमार्केटमधलं स्वस्त सिम घ्यावं की मोठ्या कंपनीशी दोन वर्षांचा करार करावा? चार ओळींत उत्तर द्यायचं म्हणून बसले होते. पण तिसरीतली मुलगी आणि गावातलं घर हे वाचलं आणि चार ओळींत भागेना. व्हिसा, पत्त्याची नोंदणी, विमा यांवर मी लिहीत नाही, ते सरकारी साइटवर व्यवस्थित मिळतं.

आधी फोनचं. जर्मनीत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असलेल्या कंपन्या चारच: टेलिकॉम, व्होडाफोन, टेलिफोनिकाची ओ-टू, आणि 2023 च्या डिसेंबरात स्वतःचं नेटवर्क सुरू केलेली आइन्स उंड आइन्स. स्वस्तातली बाकी सगळी नावं यांच्याच टॉवरवर चालतात. आल्डी सुपरमार्केटचं आल्डी टॉक ओ-टूवर, लिडल सुपरमार्केटचं लिडल कनेक्ट व्होडाफोनवर, आणि काँगस्टार तर टेलिकॉमचीच कंपनी. त्यामुळे स्वस्त घ्यायचं की मोठं घ्यायचं, यापेक्षा तुमच्या स्वयंपाकघरात कुणाचा टॉवर पोचतो ते आधी बघा. न्युर्नबर्ग शहरात राहिलात तर काहीही चालेल. गावात राहिलात तर एकाच गल्लीत एकाची पूर्ण रेंज आणि दुसऱ्याची शून्य, असं होतं. आम्ही फोर्खहाइमच्या पुढे, वीझेंट नदीच्या खोऱ्यात राहतो. दोन्ही बाजूंना डोंगर, घरांच्या भिंती हातभर जाड. फेडरल नेटवर्क एजन्सीचा रेंजचा नकाशा आहे, तो बघा, पण नकाशा रस्त्यावरची रेंज सांगतो, घरातली नाही. घर बघायला जाल तेव्हा दोन वेगळ्या नेटवर्कची प्रीपेड सिमं खिशात घेऊन जा. स्वयंपाकघरात, तळघरात, मुलीच्या खोलीत उभं राहून एकेक फोन लावून बघा. पंधरावीस युरो जातील, जाऊ देत.

स्वस्त प्रीपेड घेतलंत तर एवढं ध्यानात ठेवा की ही पॅकेजेस चार आठवड्यांची असतात, महिन्याची नाही. वर्षाला 13 रिचार्ज होतात. स्पीडही थोडा कमी मिळतो, पण व्हॉट्सॲपवर आईशी बोलायला तेवढा पुरतो. आणि घरातल्या वायफायवरून साधे कॉल घेता येतात का, हे सिम घेण्याआधी नक्की विचारा. जाड भिंतींच्या घरात त्यावरच सगळं अवलंबून असतं.

पहिल्या वर्षी करार करू नका. एक तर नवीन माणसाचं इथल्या शुफाकडे, म्हणजे पतनोंदणीच्या कंपनीकडे, काहीच नाव नसतं, त्यामुळे कधी कधी करार नाकारतात. आणि घर बदललं की नेटवर्कचं गणितही बदलतं. आम्ही 2016 साली आलो तेव्हा माझ्या नवऱ्यानं दुकानातून 24 महिन्यांचा करार करून घेतला. तेव्हा मुदत संपायच्या तीन महिने आधी लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप आणखी 12 महिने वाढायचा. आम्ही कळवलं नाही आणि आणखी वर्षभर भरत बसलो. हे आता बदललंय. 1 डिसेंबर 2021 पासून पहिली मुदत संपली की एका महिन्याच्या सूचनेवर कधीही बाहेर पडता येतं, आणि नंबर बरोबर न्यायलाही ग्राहकाकडून पैसे घेत नाहीत. 2022 च्या जुलैपासून वेबसाइटवर करार रद्द करण्याचं बटण ठेवणंही कंपन्यांना बंधनकारक आहे.

ओळखपत्राचा त्रास मात्र अजून आहे. 2017 च्या जुलैपासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते. मी 2019 साली सिम बदललं तेव्हा व्हिडिओ कॉलवर एक मुलगी माझा पासपोर्ट बघत होती. डावीकडे तिरका करा, उजवीकडे करा, दिव्याखाली धरा, बोट फिरवा. वीस मिनिटं मी तो पासपोर्ट हलवत होते. मग ती म्हणाली, हे कागदपत्र आमच्या यादीत बसत नाही, पोस्टात जा. पोस्टात गेले तर तिथल्या बाईंना माझं नाव पटेना. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं ना, ते इथे माझं दुसरं नाव धरलं जातं. फॉर्ममध्ये मी ते लिहिलं नव्हतं म्हणून नाव जुळेना. पुन्हा घरी, पुन्हा फॉर्म, पुन्हा पोस्ट. इतकी वर्षं झाली, अजून माझ्या नावानं येणाऱ्या प्रत्येक पत्रावर माझ्या नावाला नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं आणि प्रत्येक वेळी मला ते खुपतं. तुमच्या बायकोला सांगून ठेवा, प्रत्येक कागदावर पासपोर्टवर आहे तेवढंच आणि तसंच नाव लिहायचं, एक अक्षर कमी-जास्त नाही.

भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. निघायच्या आधी रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्ज चुकवू नका. माझं बंद पडलं आणि आधारला तोच नंबर जोडलेला होता. तो बदलायला सांगलीला जाऊन केंद्रावर रांगेत उभं राहावं लागलं, तोवर दोन वर्षं माझ्या पीएफचं काम अडलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आम्ही आलो तेव्हा करार, चांगलं नेटवर्क, चांगला फोन हे सगळं नवऱ्याला मिळालं, कारण नोकरी त्याची होती. मी स्वतःसाठी सगळ्यात स्वस्त सिम घेतलं. कुणी तसं सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं. सांगलीत मी अकरा वर्षं नोकरी केली होती, आणि इथे आल्यावर युरोचं प्रत्येक नाणं दुसऱ्याचं वाटायचं. घरीच तर असते, मला कशाला महागाचं, असं मनाशी म्हणायचे. कंपनीचं नाव घेत नाही, दोष तिचा नव्हता. आमच्या घरापर्यंत त्या नेटवर्कचा टॉवर पोचत नव्हता, एवढंच. स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात दोन कांड्या यायच्या. तिथे कोथिंबिरीची कुंडी आणि मिसळणाचा डबा यांच्या मधे फोन उभा करून ठेवायचे. जरा हलला की रेंज गेली.

आणि शाळेच्या फॉर्मवर नंबर माझा होता, कारण दिवसा घरी मी असायचे.

बव्हेरियात, म्हणजे न्युर्नबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीत मुलांची वाट ठरते, हे तुम्ही वाचलं असेलच. मे महिन्यात एक प्रमाणपत्र मिळतं. जर्मन, गणित आणि हाइमाट उंड झाखउंटररिष्ट, म्हणजे आपल्या परिसर अभ्यासासारखा विषय, या तिन्हींच्या गुणांची सरासरी काढतात. इथे 1 सगळ्यात चांगला. सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, आणि 2.66 पर्यंत रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. माझ्या मुलीला गणितात 2 आणि बाकी दोन्हींत 3 मिळाले. सरासरी 2.66. एका विषयात एक अंक कमी पडला. त्यातले दोन्ही 3 गुण भाषेमुळे होते. परिसर अभ्यासात तिला सगळं येत होतं, लिहिता येत नव्हतं.

त्या हिवाळ्यात जर्मनच्या जादा तासांत एक जागा रिकामी होती. बाईंनी त्यासाठी आम्हाला फोन केला होता. हे मला मार्चमध्ये पालकभेटीत कळलं. बाई म्हणाल्या, तुमचा फोन लागत नव्हता, जागा दुसऱ्या मुलाला दिली. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं की रेंज नव्हती. त्या सिमवर त्यानं खूप राग काढला, आणि आम्ही दुसऱ्याच आठवड्यात ते बदललं. वर सांगितलेली पासपोर्टची कसरत तेव्हाची.

पण फोन तीनदा आला होता. दोनदा खरंच रेंज नव्हती. संध्याकाळी मिस्ड कॉलचे मेसेज आले तेव्हा समजलं. तिसऱ्यांदा फोन खिडकीत होता आणि वाजला. मी समोर उभी होते, हाताला कणीक लागलेली. शाळेचा नंबर ओळखू आला. समोरासमोर हातवारे करून माझं जर्मन कसंबसं चालायचं, फोनवर एक वाक्य झालं की पुढे माझं डोकं बंद पडायचं. मी तो वाजू दिला. नंतर मेलबॉक्समध्ये निरोप आला, तोही ऐकला नाही, कारण कळणार नाही हे माहीत होतं. संध्याकाळी नवऱ्याला ऐकवीन म्हटलं आणि ऐकवला नाही. कणकेचे हात हे काही कारण नव्हतं.

हे नवऱ्याला मी गेल्या वर्षी सांगितलं. मधली सहा वर्षं घरात सगळे त्या सिमलाच दोष देत होते, आणि मी ऐकून घेत होते.

तो तास मिळाला असता तर एक अंक सुधारला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. गिम्नाझियुमसाठी तीन दिवसांची चाचणीही देता येत होती, मुलगी नको म्हणाली, मी आग्रह केला नाही. बाईंचा मला अजून राग आहे तो एका गोष्टीसाठी. मुलीच्या दप्तरात गृहपाठाची वही रोज जायची आणि रोज यायची. त्यात दोन ओळी लिहिल्या असत्या तर मी शब्दकोश घेऊन बसले असते, शेजारणीकडे गेले असते. लिहिलेलं मला कळायचं. फोन लागत नाही म्हटल्यावर दोन ओळी लिहाव्याशा का वाटल्या नाहीत? मुलगी आता रेआलशूले संपवून फाखओबरशूलेमध्ये आहे, तिथून पुढे कॉलेजची वाट आहे, ती मजेत आहे आणि मी हा विषय काढला की खोलीतून निघून जाते.

एकटेपणाचंही तुम्ही विचारलंय. पहिला हिवाळा जड जातो, दुसरा कमी. पुरे एवढं.

तर माझा सल्ला असा. तुम्ही ऑफिसमध्ये असाल, तिथे वायफाय आहे, टेबलावर फोन आहे, बाजूला जर्मन बोलणारी माणसं आहेत. तुम्ही सुपरमार्केटचं सिम घ्या, काही अडणार नाही. घरात ज्याची रेंज सगळ्यात चांगली ते सिम बायकोला द्या, मग ते टेलिकॉमचं निघो नाहीतर लिडलचं, आणि महाग असलं तरी घ्या. ती नको म्हणेल. माझं म्हणणं तिला वाचायला द्या. 112 या आणीबाणीच्या नंबरसाठी कुठल्याही कंपनीचा टॉवर चालतो, पण 2009 पासून फोनमध्ये चालू सिम लागतंच, त्यामुळे जुना फोन सिमशिवाय मुलीच्या दप्तरात टाकू नका.

तुमची मुलगी तिसरीत येणार, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम सव्वा वर्ष आहे. पहिल्याच आठवड्यात शाळेचा फॉर्म भराल, त्यात दोन नंबरांची जागा असते. आता बऱ्याच शाळा पालकांसाठी ॲप वापरतात, तरी फॉर्मच्या खाली जर्मनमध्ये एक ओळ लिहून घ्या: कृपया महत्त्वाचं सगळं लिहून कळवा, फोनवर आम्हाला अजून नीट कळत नाही. मला ती ओळ लिहायची लाज वाटली होती. हवी असेल तर जर्मनमध्ये नीट लिहून पाठवते, तयारच आहे माझ्याकडे.