पांढरे रण कोणत्या तिथीला पाहावे?

प्रश्न : येत्या जानेवारी-फेब्रुवारीत कच्छचे पांढरे रण पाहण्याचा आमचा विचार आहे. जाऊन आलेले सगळे पौर्णिमाच गाठा म्हणतात. मुलीला मात्र सूर्यास्तानंतर तारे आणि आकाशगंगा पाहायची आहे. दोन्ही एका मुक्कामात साधेल का? बरोबर सत्तरी ओलांडलेले सासरे असतील.
— एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पौर्णिमेला रणावरचा मिठाचा थर उजळतो हे खरे, परंतु त्या चांदण्यात ठळक तारे तेवढे उरतात. आपल्याला दोन्ही हवे असेल तर दिनदर्शिकेत संकष्टीची तारीख पाहावी आणि तिच्यानंतरचे एक-दोन दिवस धरावेत. संकष्टीचा चंद्रोदय नऊच्या सुमारास होतो आणि पुढे तो रोज पाऊण-एक तासाने लांबतो, त्यामुळे पंचमी-षष्ठीला जानेवारीत पावणेआठपासून दहापर्यंत तरी पुरता काळोख मिळतो आणि त्यानंतर चंद्र वर येतो. पौर्णिमेची गर्दीही तोवर पांगलेली असते.

आकाशगंगेबाबत मात्र मुलीला आधीच सांगून ठेवावे. छायाचित्रांत दिसणारा तिचा दाट, तेजस्वी मध्यभाग हिवाळ्याच्या संध्याकाळी आकाशात नसतो. त्या वेळी मृग नक्षत्राजवळून ब्रह्महृदय या ताऱ्याकडे गेलेला तिचा फिकट पट्टाच दिसतो. मध्यभाग पाहण्याचाच हट्ट असेल, तर महाशिवरात्रीच्या आसपास जावे, कारण तेव्हा अमावास्या लागूनच असते आणि पहाटे साडेचारनंतर आग्नेयेला वृश्चिकाच्या नांगीजवळ तो वर आलेला असतो. जानेवारीत गेल्यास रात्री दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजाच्या थोडे वर अगस्त्य तारा शोधावा. बडोद्यात तो इमारतींआड जातो, रणात आड येण्यासारखे काहीच नाही.

मुक्काम कोठे करावा, हा खरा प्रश्न आहे. पांढऱ्या रणालगतच्या धोरडो गावी हिवाळ्यात भरणाऱ्या रणोत्सवाच्या तंबूनगरीत सोयी उत्तम असल्या, तरी दिव्यांचा झगमगाट तारे पाहणाऱ्याच्या मुळावर येतो. आमच्या मते बन्नीच्या गवताळ प्रदेशातील होडका गावाकडे, ‘भुंगा’ म्हणतात त्या मातीच्या गोल झोपड्यांत उतरावे. डोळे अंधाराला सरावण्यास वीस मिनिटे तरी लागतात, म्हणून विजेरीला लाल जिलेटीनचा कागद बांधावा आणि भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा. थंडी कडाक्याची असते; सासऱ्यांसाठी कानटोपी विसरू नये.

सूर्यास्त धोरडोलाच पाहावा. कच्छ पश्चिमेला असल्याने तो बडोद्यापेक्षा दहा-बारा मिनिटे उशिरा होतो. पावसाळ्यात नैऋत्य वाऱ्याने आत ढकललेले समुद्राचे पाणी आणि नद्यांचे पाणी या सखल भूमीवर पसरते आणि ते आटल्यावर मिठाचा थर उरतो. पाऊस लांबला तर डिसेंबरातही पाणी हटत नाही, त्यामुळे आपण निवडलेले महिने योग्यच आहेत. पायाखाली कुरकुरणारा हा थर वरून फरशीसारखा कोरडा दिसतो, पण टाच थोडी रुतली की खालचा काळा, ओला चिखल वर येतो. वृद्धांना म्हणून मळलेल्या वाटेनेच न्यावे आणि वाहन थरावर मुळीच घालू नये.

एक संध्याकाळ काळा डुंगरासाठी ठेवावी. कच्छमधील या सर्वांत उंच टेकडीवर दत्तात्रेयांचे मंदिर असून आरतीनंतर तेथे कोल्ह्यांना प्रसाद घालण्याची प्रथा आहे. सासरे दत्तभक्त असतील तर रणापेक्षा हेच त्यांच्या अधिक लक्षात राहील! वाहन बरेच वर जाते, शेवटचा थोडा चढ मात्र चढावा लागतो.

बडोद्याहून सयाजीनगरी एक्सप्रेसने रात्री निघाल्यास सकाळी भुजला उतरता येते. तेथून धोरडो सुमारे 80 किलोमीटर आहे. हा सीमेलगतचा प्रदेश असल्याने परवाना लागतो. तो ऑनलाइन किंवा वाटेत भिरंडियारा येथे मिळतो. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावे. पांढऱ्या रणात संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबू देतात, हे तेथेच विचारून घ्यावे. भिरंडियाऱ्याचा दुधाचा मावा प्रसिद्ध आहे, तो परतताना घ्यावा.