चार रुमाल का भिजले?

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला, तेव्हापासून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू आहेत. मागच्या महिन्यात सक्करदऱ्याजवळ स्कूटर घसरली, पत्रा लागून पोटरी फाटली. घरी हळद भरली, तरी चार रुमाल भिजले. शेवटी दवाखान्यात टाके पडले. आता बाबा गोळ्यांनाच घाबरतात. बंद करू का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : मनाने बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती पोटरीच्या जखमेपेक्षा कितीतरी महागात पडेल. वर्ष उलटल्यावर दोन्ही गोळ्या लागतात का, एवढं मात्र हृदयाच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

आता रुमालांचं. चार भिजले म्हणजे तुम्ही तीनदा उचलून बघितलं! दरवेळी जमू लागलेली गुठळी निघून आली. पहिला रुमाल भिजला तर तो तसाच ठेवून त्यावर दुसरा ठेवायचा, तळहाताने वजन टाकून दाबायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं, डोकावून बघायचं नाही. रक्त उसळत असेल तर एकाने दाबायचं, दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. हळद भाजीत टाका. कॅज्युअल्टीत मी ती किती जखमांतून धुऊन काढली असेल! तिच्याखाली रक्त कुठून येतंय तेच दिसत नाही.

या दोन गोळ्यांवर उतारा नाही. ज्या प्लेटलेट (रक्ताची गुठळी बांधणाऱ्या पेशी) त्यांनी निकामी केल्या, त्या मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तशाच राहतात. आज गोळी चुकवून आजचं रक्त थांबत नाही. मोठ्या अपघातात आम्ही ट्रानेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे जमलेली गुठळी विरघळू न देणारं औषध, देतो. ते पहिल्या तीन तासांतच द्यावं लागतं. २०१० साली वीस हजारांवर जखमींच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. लागलं तर रक्त, प्लेटलेटही चढवतो. पेशंटला पांघरूण घाला, अंग गार पडलं की रक्त गोठणं आणखी अवघड होतं. आणि डोक्याला मार असेल तर बाबा कितीही ‘काही नाही झालं’ म्हणोत, सीटी स्कॅन करायचाच.

नातेवाईक आम्हाला सांगतात, ‘पांढरी, छोटी गोळी हाय जी.’ अर्ध्या गोळ्या पांढऱ्याच असतात! गोळ्यांची नावं, स्टेंटची तारीख चिठ्ठीवर लिहा आणि ती बाबांच्या खिशात ठेवा. स्कूटरच्या डिक्कीत नको, स्कूटर रस्त्यावरच राहते.