तलावाभोवतीची फेरी जोडता येईल का? आधी तुटलेल्या चार जागा बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तलावाच्या पूर्वेला नगरपरिषदेची बाग, तिच्यात ९०० मीटरचा चालायचा ट्रॅक. दक्षिणेला मातीचा बांध, सव्वा किलोमीटर. पश्चिमेला टेकडीवर खंडोबा आणि त्याची पायवाट. उत्तरेला पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारा गाडीरस्ता. हे तुकडे जोडून साडेसहा किलोमीटरची फेरी होईल का, आणि 'पैठणसारखं' काही उभं राहील का.

पैठणचं आधी बाजूला ठेवू. तिथलं ज्ञानेश्वर उद्यान नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर नाही, ते धरणाच्या पायथ्याशी, खालच्या अंगाला आहे. नाथसागराला कुणी पायी फेरी मारत नाही. धरणाची भिंतच दहा किलोमीटरच्या घरात आणि भरलेल्या जलाशयाचा पसारा सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर, तोही दोन जिल्ह्यांत. शिवाय १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं काठावर दगड ठेवायचा म्हटला तरी वन विभागाला विचारावं लागतं. तुमचा तलाव त्यापुढं वाटीएवढा. उलट त्यामुळंच तुमचं काम होण्यासारखं आहे.

मी पाटबंधारेच्या शाखा कार्यालयात २८ वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर अशा दोन फेऱ्यांच्या मागं लागलो. एक अर्धी झाली, ती आजही चालू आहे. दुसरी पूर्ण झाली आणि पाच महिन्यांत बुडाली. बुडालेलीची गोष्ट आधी सांगतो, कारण तुम्हीही पाहणी मे महिन्यात करायची म्हणताय.

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. आमचा तलावही भेगाळलेला. आम्ही पाच-सहा जण उत्साहानं काठाकाठानं फिरलो, दोरी धरली, दगड रोवले, दगडांना चुना दिला. सुरेख सपाट रेषा मिळाली. मिळणारच, ती तलावाच्या पोटातून जात होती! सप्टेंबरअखेर पाऊस असा लागला की मांजरा भरलं आणि आमचा तलावही. उत्तरेचा पाऊण किलोमीटर दीड पुरुष पाण्याखाली गेला. आमचा चुना मासोळ्यांनी बघितला.

मराठवाड्यात 'तलावाचा काठ' ही स्थिर जागाच नाही. आपल्याकडं बुडीत क्षेत्राचा उतार फार मंद असतो. ८० मीटर चाललं की एक मीटर उंची, असा उतार धरला तर पाणी एक मीटर उतरताच काठ ८० मीटर आत सरकतो. नुसत्या बाष्पीभवनानंच वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उडतं, उपसा वेगळा. म्हणून वाट पाण्याच्या कडेवर आखायची नाही. शाखा कार्यालयात जाऊन तलावाची पूर्ण संचय पातळी (तलाव भरला की पाणी जिथवर येतं ती) आणि महत्तम पूर पातळी (मोठ्या पुरात पाणी जिथवर चढेल ती), हे दोन आकडे आणि भूसंपादनाचा नकाशा मागा. वाट महत्तम पूर पातळीच्या वरच हवी. मग उन्हाळ्यात तुमच्या फिरणाऱ्यांना पाणी दूर दिसेल, मधे गाळपेरीची, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली, काकडी-टरबुजं दिसतील. ते सोसायचं. ती गाळपेर ज्यांच्या नावानं सुटते त्यांच्या पिकातून 'शॉर्टकट' पडला तर पहिलं भांडण तिथंच.

आता तुकड्यांकडं येऊ. तुम्ही साडेसहा किलोमीटर म्हणता, पण त्यातला साडेपाच किलोमीटर आज लोक चालायलेतच. बागेत सकाळची मंडळी, बांधावर पोलीस भरतीची पोरं, टेकडीवर रविवारचे भाविक, पाणंदीनं बैलगाडी. तुमचा सगळा प्रश्न जोडाच्या चार जागांचा आहे.

बाग आणि बांध यांच्यातला जोड सोपा. कुंपणाला एक फाटक, जनावर न शिरणारं. बांधाबाबत मात्र दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एवढा लांब बांध १० मीटरपेक्षा उंच असेल तर २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याखाली येतो आणि माथ्यावर लोक सोडायचे की नाहीत हे जलसंपदा विभागच ठरवणार. त्याहून कमी असला तरी लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. दुसरं म्हणजे, सावलीसाठी बांधावर झाडं लावायचा विचार मनातून काढा. मातीच्या बांधात मुळं शिरली, पुढं ती कुजली, की पाण्याला आयती नळी मिळते. वेड्या बाभळीसुद्धा आम्ही दरवर्षी उपटायचो. सावली हवी तर बांधाच्या टोकांना, बांधाबाहेर, कडुनिंब आणि करंज लावा. मे महिन्यात इथं पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा बांधावरचा सव्वा किलोमीटर सकाळी आठनंतर तसाही कुणी चालत नाही.

दुसरा जोड सांडव्याचा, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर पडतं त्या जागेचा, आणि हीच खरी अडचण. तलाव भरला की सांडव्यावरून चादर पडते आणि तालुका लोटतो. बीडजवळच्या बिंदुसरा तलावावर अशी गर्दी कुणी बघितली नाही? त्या चादरीतून सांडवा ओलांडायची वाट कधीही काढू नका, कितीही उथळ दिसो. शेवाळावर पाय सरकला तर माणूस थेट खालच्या दगडांवर. पाऊल बुडेल एवढंच पाणी आहे म्हणणारे आम्ही दोनदा दोरी टाकून बाहेर काढलेत. दोन पर्याय उरतात. सांडव्याच्या खालच्या अंगानं नाल्यापर्यंत उतरून रस्त्याच्या पुलावरून पलीकडं जायचं, म्हणजे फेरी पाऊण-एक किलोमीटरनं वाढते. किंवा सांडवा वाहतो त्या दिवसांत त्या टोकाला साखळी लावायची आणि वाट तिथंच संपते असा फलक लावायचा. मी साखळीच्या बाजूचा आहे. सांडव्यावर लोखंडी पादचारी पूल टाकायचं कुणी सुचवेलच. तो सल्ला ऐकू नका. त्याचा खर्च बाकी सगळ्या वाटेपेक्षा जास्त होईल आणि पुराचं पाणी अडतं की नाही हे तपासायलाच दोन वर्षं जातील.

तिसरा जोड टेकडीचा. तुम्ही लिहिलंय की देऊळ पाण्यापासून चाळीस मीटर उंच आणि पायवाट १८० मीटरची. म्हणजे दर दहा मीटरला दोन मीटरहून जास्त चढ. भाविक चढतात, कारण नवस असतो. पण अशी सरळ वर जाणारी वाट पावसात ओढा होते, तुमच्याकडं ती मधे खोल घळीसारखी झाली असेलच. नवी वाट आडवी न्या, दहा मीटरला एक मीटरपेक्षा जास्त चढ नको, म्हणजे वळसे धरून चारशे मीटर. टेकडीचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून कमी उतार वाटेला ठेवला की पाणी वाटेवरून धावत नाही, आडवं ओलांडून जातं. वाटेची बाहेरची कड मीटरमागं पाच सेंटिमीटर खाली ठेवा. एवढं जमलं तर गटारं, सिमेंट काही लागत नाही. मोजायला ड्रोन नको. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी, दोन काठ्या आणि दोन माणसं पुरे. टेकडी वनखात्याची आहे, गायरान आहे की देवस्थानची इनाम जमीन, हे मात्र आधी सातबाऱ्यावर बघा. वनखात्याची निघाली तर झाड न तोडता, फरशी न घालता केलेल्या साध्या पायवाटेबद्दलच बोला, आणि तेही लेखी.

चौथा जोड, पाणंद ते बाग. इथं तीन शेतकऱ्यांच्या जमिनींचे तीन गट आडवे आहेत आणि मधे नाला. कागदाचं काम इथंच आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा. त्यावर तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. आता गंमत अशी की हे नकाशे बहुतेक तलावांच्या आधीचे. तुमच्या नकाशावर एखादी तुटक रेषा सरळ पाण्यात जाऊन पलीकडं निघालेली दिसेल. तो दोन गावांचा जुना रस्ता, तलावानं गिळलेला. त्याची दोन्ही टोकं आजही सार्वजनिक आहेत. मधला भाग बुडाल्यावर गावानं पाण्याला वळसा घालून कुणाच्या तरी शेतातून वहिवाट पाडली, तिची नोंद कुठंच नसते. तुमचे तीन गट बहुधा त्याच वहिवाटीवर आहेत. सातबाऱ्यात काही सापडलं नाही तर जमिनीच्या जुन्या नोंदी, म्हणजे निजामी अमलातलं सेतवार आणि १९५४-५५ चं खासरा पत्रक बघा. जुनं उर्दूत असलं तर वाचणारा एखादा वकील तालुक्याला अजून मिळतो.

कुणीतरी सांगेल की तहसीलदाराकडं कलम १४३ खाली अर्ज करा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं ते कलम शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला बांधावरून वाट मिळावी म्हणून आहे. सकाळच्या फिरण्यासाठी ते चालणार नाही, आणि तसा अर्ज केलात की तिन्ही शेतकरी कायमचे हातचे गेले. त्यांच्याकडं चहाला जा. आमच्या अर्ध्या झालेल्या फेरीत एका म्हाताऱ्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "चालायला ना न्हाई. पण आज पाय जायलेत, उद्या जीप जाईल." त्याचं बरोबर होतं. आम्ही वाट दीड मीटरच ठेवली, दोन्ही टोकांना दगडी खांब रोवले, मोटारसायकल जाणार नाही अशा बेतानं, आणि त्याच्या बांधावर चाळीस करंज लावून दिले. तो तयार झाला. शेजारचा झाला नाही, आजही नाही. म्हणून ती फेरी घोड्याच्या नालेसारखी आहे, त्या टोकाहून लोक परत फिरतात. कुणाचं काही अडलेलं नाही.

नाल्यावर पूल नको, मोठ्या दगडांची फरशी पुरते. पूर आला की दोन दिवस वाट बंद. पेव्हर ब्लॉकचा मोह टाळा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, दुसऱ्या वर्षी ब्लॉक दातांसारखे वरखाली होतात. त्या मातीवर पावसाळ्यात काहीच घातलं नाही तर चप्पल मागं राहते, माणूस पुढं जातो. मुरूम टाका, पंधरा सेंटिमीटर, मधे किंचित फुगीर, कडेला चर. दोन मीटर रुंदीच्या एक किलोमीटरला तीनशे घनमीटर दाबलेला मुरूम लागतो, म्हणजे सुमारे १०६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबल्यावर बसतो ते धरून १३० मागवा. गौण खनिजाची, म्हणजे मुरूम उचलायची, परवानगी काढूनच ट्रॅक्टर लावा, नाहीतर मुरमापेक्षा दंड महाग.

राहिलं एक, जे नकाशावर दिसत नाही. उत्तरेच्या काठावर बायका कपडे धुतात असं तुम्ही सहज लिहून गेलात. वाट त्या जागेच्या मागून, पन्नास पावलं लांबून न्या, मधे झुडपं राहू द्या. तशीच भोई मंडळींची जाळी वाळवायची जागा. आणि उन्हाळ्यात उघड्या मुरमावर टिटवी अंडी घालते, तिचं घरटं दिसलं की तेवढ्या जागी महिनाभर दोर बांधा. गावात म्हणतात टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोराचा. आमच्या त्या २०१६ च्या चुन्याच्या रेषेवर एकही घरटं नव्हतं, सगळी वर टेकाडावर होती. तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

तर माझं मत विचाराल तर फेरी होईल, पण वर्षातले आठ महिने. उत्तरेचे तिघे तयार झाले तर. न झाले तर बाग, बांध, सांडव्याची साखळी आणि परत, एवढं यंदाच करा. पाणंदीसाठी सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली होती. अशा योजना शेतरस्त्यासाठी असतात, तुमच्या फिरण्यासाठी नाही, पण शेतकऱ्याला बैलगाडीची पक्की वाट मिळत असेल तर तो स्वतःच ग्रामसभेत ठराव मांडेल. त्याला पुढं बसवा, तुम्ही मागं बसा.

मेमधली पाहणी रद्द करू नका, फक्त ती तिसरी करा. पहिली आता सांडवा वाहताना, दुसरी संक्रांतीच्या सुमाराला. आणि पहिल्या पाहणीला खंडोबाच्या पुजाऱ्याला सोबत घ्या. तलाव व्हायच्या आधी देवाला पाणी कोणत्या वाटेनं यायचं, हे त्याच्या घरात कुणाला तरी ठाऊक असेल.